सहा सीटर गोल्फ कार्ट: स्टिअरिंग सैल, डावीकडे ओढ, ब्रेकरवर टकटक. आधी काय उघडावं? (बडोदे)

टाउनशिप_बडोदे

नमस्कार मंडळी. बडोद्यात विश्वामित्रीकाठच्या आमच्या टाउनशिपमध्ये ज्येष्ठांची ने-आण करायला ४८ व्होल्टची सहा सीटर कार्ट आहे. चार जण पुढे तोंड करून आणि दोघं मागे तोंड करून बसतात. चालकाची सीट डावीकडे. पुढे आडवा एकच पाटा (लीफ स्प्रिंग), त्याखाली दोन्ही बाजूंना त्रिकोणी आर्म आणि उभ्या किंगपिनवर (चाक वळतं ती उभी पिन) स्पिंडल, म्हणजे चाकाचा हब बसतो तो भाग. रॅकमधून एक ड्रॅग लिंक डाव्या स्पिंडलला येते आणि तिथून टाय रॉड उजव्या स्पिंडलला जातो. टायर १८×८.५०-८. २०२४च्या ऑगस्टअखेरच्या पुरात गाडी हबच्या वरपर्यंत पाण्यात होती. त्यानंतर बॅटऱ्या आणि वायरिंग तपासून घेतलं, पुढच्या चाकांकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

आताच्या तक्रारी अशा. स्टिअरिंग व्हील हलवलं की रिमवर ७० मिमीपर्यंत चाकं हलतच नाहीत. गाडी डावीकडे ओढते. स्पीड ब्रेकरवर पुढून टकटक आवाज येतो. दोन्ही पुढचे टायर आतल्या कडेने खाल्लेत, डावा जास्त. वळल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. गॅरेजमध्ये दोनदा दोरीने मोजून टो (पुढच्या दोन चाकांची आत-बाहेर दिशा) जुळवून घेतला. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

कोणी म्हणतं स्टिअरिंग बॉक्सच बदला. तो महाग आहे आणि बाहेरून मागवावा लागतो. खर्च करण्याआधी कुठून सुरुवात करावी?


पाटा_आणि_पिन

स्टिअरिंग बॉक्सला तूर्त हात लावू नका. तुमच्या यादीत दोन-तीन वेगवेगळे बिघाड एकत्र आलेत आणि टो करून त्यातला एकही जाणार नाही.

टो आणि ओढ यांचा संबंध फार थोडा आहे. टो चुकला तर दोन्ही चाकं ती चूक निम्मी-निम्मी वाटून घेतात. गाडी सरळच जाते, टायर मात्र खाते. ओढीची कारणं वेगळी असतात: दोन टायरांतली हवा कमी-जास्त, दोन बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) वेगळा, एका बाजूचा पाटा बसलेला, किंवा एका चाकाचा ब्रेक घासत असणं. तुमची गाडी पुरात होती म्हणून शेवटचं कारण आधी पाहा, आणि ते पुढे नसतं, मागे असतं. अशा बहुतेक कार्टांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि तेही केबलचे. केबलच्या आवरणात पाणी शिरलं की आत गंज धरतो, पेडल सोडलं तरी शू पूर्ण मागे येत नाही. एक किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून आणा आणि मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात न्या. डावा गरम आणि उजवा गार असेल तर ओढीचं कारण तिथेच आहे.

उचलूनही बघता येतं. चावी बंद करा. सीटखाली टो/रन (ओढून नेणे/चालवणे) स्विच असेल तर तो टोवर ठेवा (हा टो वेगळा, चाकांच्या दिशेचा नाही), नाहीतर कंट्रोलर मोटर अडवतो आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागची दोन्ही चाकं उचला आणि पार्किंग ब्रेक सोडा. उजवं चाक हाताने फिरवलं की डावं उलट फिरायला हवं. ते जागचं हललंच नाही आणि मोटर फिरल्याचा आवाज आला, तर डावा ब्रेक धरून बसलाय.

आता पुढचं. मागच्या चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक ओढलेला, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर खाली हात घालू नका, सहा बॅटऱ्यांचंच वजन १७० किलोच्या आसपास असतं.

पहिली तपासणी: चाक वर आणि खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ला. प्ले (ढिलाई) जाणवला तर तो हब बेअरिंगचा की किंगपिनचा, हे ठरवायला कारमध्ये कोणालातरी ब्रेक दाबायला सांगतात. इथे पुढे ब्रेकच नाही, ती युक्ती चालत नाही. म्हणून एका हाताने चाक हलवताना दुसऱ्या हाताचं बोट हब आणि स्पिंडल यांच्या फटीवर ठेवा. तिथे फट उघडझाप करत असेल तर बेअरिंग. हब आणि स्पिंडल एकत्र हलतात आणि किंगपिनच्या वर-खाली हालचाल दिसते, तर बुश (पिनभोवतीची नळी).

दुसरी: चाक ९ आणि ३ला धरून हलवा. इथे टाय रॉडची टोकं आणि ड्रॅग लिंक कळतात. सांध्याभोवती मुठीने पकडून ठेवलं की डोळ्याला न दिसणारा प्लेसुद्धा हाताला लागतो.

तिसरी गाडी खाली ठेवून: एकाने स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने वरून खाली एकेक सांधा बघत यायचं. स्टिअरिंग व्हीलचा नट, कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याचा आवळबोल्ट, रॅकचे फ्रेमवरचे बोल्ट, ड्रॅग लिंक, टाय रॉड. हालचाल जिथे आत येते आणि बाहेर जात नाही, तिथे ढिलाई. ७० मिमी एकाच जागेचे क्वचितच असतात, चार जागांची बेरीज असते. रिमवर २५-३० मिमीपर्यंत उरलं तर मी ती गाडी चालवू देतो.

स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही याचा अर्थ बहुधा किंगपिन बुशात अडकतोय. त्यासाठी टाय रॉड आणि डावीकडची ड्रॅग लिंक सोडवून प्रत्येक स्पिंडल एकट्याने हाताने फिरवून बघा. चांगला असेल तर दोन बोटांनी फिरतो.

ही सगळी मापं लिहून इथे टाका, मग पुढे बोलू.


इंदूर_गॅरेज

वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. टायर आतून खाण्याचं कारणही बहुधा तेच बुश आहेत. चाक किंगपिनच्या बाहेरच्या बाजूला असतं, जमीन त्याला वर ढकलते. बुशात ढिलाई असेल तर चाकाचा माथा आत झुकतो आणि सगळं वजन आतल्या कडेवर येतं. गाडी उचलली की ते दिसत नाही, कारण तेव्हा वजनच नसतं. शिवाय चालताना रस्त्याचं घर्षण दोन्ही चाकांची पुढची बाजू बाहेर ढकलतं. सांध्यांत ढिलाई असली तर उभ्या गाडीवर केलेला आतला टो चालताना बाहेरचा होतो. म्हणूनच तुमचा टो आठ दिवसच टिकला. गॅरेजवाल्याचं माप चुकलं नसेल. सैल गाडीवर घेतलेलं माप टिकतच नाही.

टायरवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टोची झीज. दोन्ही दिशांनी सारखंच गुळगुळीत पण एक कड खाली गेलेली, तर कॅम्बर.

मागे तोंड करून बसणारे दोघं मागच्या आसाच्याही मागे असतात. तिथे वजन पडलं की पुढचा भाग हलका होतो, तराजूसारखा. गणपतीत त्या दोनाच्या जागी चौघं बसले की पुढच्या चाकांची पकड कमी होऊन स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं, गाडी निरोगी असली तरी. त्या सीटवर दोनच माणसं, हा नियम कागदावर लिहून चिकटवा.

आणि हवा. या मापाच्या टायरांना बहुधा १८ ते २२ पीएसआय पुरते, टायरच्या भिंतीवर लिहिलेली कमाल मर्यादा बघा. कारच्या सवयीने ३२ भरली तर प्रत्येक खडा स्टिअरिंगला कळतो. दोन्ही बाजूंना सारखी, सकाळी टायर गार असताना.


टाउनशिप_बडोदे

सगळी तपासणी केली, मापं देतो.

मागचा डावा ड्रम हात ठेवता येणार नाही इतका गरम, उजवा कोमट. चाक उचलून फिरवल्यावर डावं हललंच नाही.

पुढे १२-६ला डाव्या टायरच्या कडेला ६ मिमी, उजव्याला ३ मिमी. दोन्हीकडे हब आणि स्पिंडल एकत्रच हलतात, पण डाव्या हबमध्येही थोडी फट जाणवते आणि फिरवताना खरखर येते. ९-३ला टाय रॉडच्या उजव्या टोकात प्ले आहे, त्याचं रबरी बूट फाटलंय. युनिव्हर्सल जॉइंटचा आवळबोल्ट सैल होता, पाव फेरा आवळला गेला. रिमवरचे ७० मिमी तेवढ्यानेच ४५ झाले! रॅक फ्रेमवर घट्ट आहे. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडल्यावर डावा स्पिंडल दोन्ही हातांनी जोर लावून फिरतो. ग्रीस निपलमधून ग्रीस जातच नाही, बाजूने बाहेर येतं.

जमिनीपासून पाट्याच्या टोकापर्यंत डावीकडे १२ मिमी कमी भरतं. आता बुश कसे काढावेत, आणि बेअरिंग कोणतं मिळेल?


मकरपुरा_लेथ

बुशांचं काम नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक जण घाई करतात आणि सहा महिन्यांत परत येतात.

निपल आधी बदला, पण त्याआधी त्याच्या भोकात तार घालून बघा. पुराचा गाळ आणि सुकलेलं ग्रीस मिळून बूच झालेलं असतं. ते न काढता नवा निपल लावला तर तोही गच्च.

चाक आणि हब काढा. टाय रॉडचा आणि ड्रॅग लिंकचा सांधा सोडताना आट्यांवर हातोडा मारू नका. स्प्लिट पिन काढा, नट दोन फेरे सैल करून तसाच राहू द्या. स्पिंडलच्या आर्मचा जो डोळा आहे त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने एक-दोन घाव घाला. टेपर (निमुळता सांधा) सुटतो. पुराच्या गाडीला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

किंगपिनचा बोल्ट काढताना वरच्या आणि खालच्या वॉशर-शिम (पातळ चकत्या) कुठल्या क्रमाने होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पिन ठोकून काढायला पितळी सळई वापरा. पोलादी पंचाने मारली की तोंड फुगतं आणि ती नव्या बुशात जात नाही.

आता पिन धुऊन मायक्रोमीटरने मोजा. मध्यभाग बुशाला लागत नाही, त्यामुळे तिथलं माप हे मूळ माप. बुशाच्या जागी दोन दिशांना, काटकोनात मोजा, कारण पिन एकाच बाजूने खाते. फरक ०.१ मिमीपेक्षा जास्त असेल तर पिन बदलायची. खाल्लेल्या पिनवर नवा बुश बसवला तर बुशाचं आयुष्य महिन्यांत मोजावं लागेल. आणि झिजलेली पिन वेल्डिंगने भरून लेथवर उतरवण्याचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. उष्णतेने तिचा कडकपणा जातो आणि हा भाग तुटला तर चाक आडवं होतं.

बुश तयार मिळाले तर उत्तम. नसतील तर इथे मकरपुरा जीआयडीसीत कुठल्याही चांगल्या लेथवर फॉस्फर ब्राँझचे करून मिळतात. सोबत स्पिंडल आणि नवी पिन दोन्ही न्या, नुसता जुना बुश नेऊन काही उपयोग नाही, तो दोन्ही बाजूंनी झिजलेला असतो. बाहेरचा व्यास स्पिंडलच्या भोकापेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी मोठा सांगा. आतलं भोक मात्र पिनपेक्षा थोडं लहान ठेवायला सांगा, दाबून बसवल्यावर रीमरने (भोक नेमक्या मापाला कापणारं हत्यार) शेवटचं माप काढायचं. बुश दाबला की त्याचं भोक आकसतं. आधीच बरोबर मापाचं भोक केलेला बुश बसवल्यावर पिन जात नाही, मग माणूस पॉलिश पेपरने घासतो आणि भोक अंडाकृती होतं. शेवटी पिन आणि बुशात ०.०५ ते ०.०८ मिमी जागा राहिली पाहिजे. आतून ग्रीसची खाच आणि निपलसमोर भोक. हे भोक निपलच्या भोकाशी जुळलं नाही तर ग्रीस आत जाणारच नाही, तुमच्या गाडीत तसंही झालेलं असू शकतं.

बसवताना पायरी काढलेली गोल सळई आणि व्हाइस वापरा. बुशाची कड थेट ठोकायची नाही. रीमर लांब हवा, वरच्या बुशात टेकून खालचा कापणारा, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. दोन्ही वेगवेगळे रीम केले तर प्रत्येक बुशात पिन मोकळी जाते आणि दोन्हींत मिळून अडकते.

जोडताना शिम घालून उभी ढिलाई जवळपास शून्यावर आणा, पण स्पिंडल फिरवायला बोटांपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. ब्रेकरवरची टकटक बऱ्याचदा या उभ्या ढिलाईचीच असते.

थोडा हिशेब, म्हणजे सहा मिलिमीटर कुठून आले ते कळेल. वरच्या आणि खालच्या बुशात १२० मिमी अंतर आणि प्रत्येकात अर्धा मिमी ढिलाई धरली तर १८ इंची टायरच्या वरच्या-खालच्या कडेत मिळून पावणेचार मिमी हालचाल होते. तुमच्या डावीकडे ६ आहे, म्हणजे बुशात पाऊण मिमीच्या आसपास, बेअरिंगचा थोडा वाटा सोडला तर.


इंदूर_गॅरेज

बेअरिंगचं मी सांगतो. हब उघडल्यावर ग्रीस दुधी, चहात साय आल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. रोलर वरून चकचकीत दिसले तरी कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) बघा. रोलरच्या अंतरावर काळे आडवे डाग असतील तर गाडी पाण्यात उभी असताना गंजाने खड्डे पडलेत. ते पुसून जात नाहीत. कोन (रोलरसकटचं आतलं कडं) आणि कप दोन्ही बदला, जुन्या कपात नवा कोन कधीच नको.

अनेक कार्टांत एलएम११९४९ हा कोन आणि एलएम११९१० हा कप असतो. भोक १९.०५ मिमी, कपाचा बाहेरचा व्यास ४५.२४ मिमी. पण नव्या काही मॉडेलांत सीलबंद बॉल बेअरिंग येतं. तेव्हा तुमच्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा, तोच घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. कार्टचा पार्ट म्हणून मागवण्यापेक्षा नंबरावर पुष्कळ स्वस्त पडतं आणि त्याच दिवशी मिळतं. तेलाचं सीलसुद्धा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून मिळतं. जुनं सील काढलं की ते गेलंच, परत बसवू नका.

टेपर बेअरिंग आवळायची पद्धत: कोन ग्रीसने हाताने भरा, तळहातावर ग्रीस घेऊन मोठ्या कडेने दाबत राहा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. हब बसवा, चाक फिरवत-फिरवत नट पान्याने आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा आणि पुन्हा नुसत्या बोटांनी आवळा. स्प्लिट पिनची खाच जुळत नसेल तर इथे थोडं मागे यायचं. डायल गेज असेल तर ०.०३ ते ०.१३ मिमी प्ले मिळायला हवा.

टाय रॉडच्या टोकाचा नट मात्र उलटा. तिथे खाच जुळत नसेल तर पुढेच आवळायचं, मागे कधीच नाही. मागे आणलं की टेपर सैल राहतो आणि भोक खात जातं. त्या टेपरवर ग्रीसही लावू नका, कोरडा आणि स्वच्छ हवा.


पाटा_आणि_पिन

१२ मिमीचा फरक दुर्लक्षून चालणार नाही. चालक डावीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो, त्यामुळे डावी बाजू आधी बसते हे या गाड्यांचं नेहमीचंच. तरी आधी हवा सारखी करून, सपाट फरशीवर, गाडी दोन-तीनदा दाबून सोडून पुन्हा मोजा. फरक राहिला तर पाट्याचा मधला बोल्ट आणि क्लॅम्प बघा. क्लॅम्प सैल असेल तर पाटा आत सरकतो आणि मधला बोल्ट तुटतो. वरून काही दिसत नाही, पण ब्रेकरवर टक होते. पाट्याच्या कडेने गंजाची लाल रेघ असेल तर तिथे तडा आहे का ते पुसून बघा.

पाटा चपटा झाला असेल तर लोहाराकडून गरम करून कमान मारून घेऊ नका. गरम करताना त्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) जातं. थंड कमान मारणारे कारागीर आहेत, पण एवढ्या छोट्या पाट्यासाठी नवाच बरा. आणि पाटा बसला की ड्रॅग लिंक तिरकी होते, मग ब्रेकरवर चाक वर-खाली होताना आपोआप वळतं आणि स्टिअरिंग हाताला झटका देतं. टो कितीही नीट केला तरी हा झटका जात नाही.

त्रिकोणी आर्मच्या बुशांबाबत एक. पोलादी नळीला रबर चिकटवलेले बुश असतील तर बोल्ट अर्धवट लावा, गाडी चाकांवर उतरवा, चालकाच्या जागी माणूस बसवा आणि मग आवळा.


मकरपुरा_लेथ

याला एक पुरवणी. बऱ्याच कार्टांत आर्मला नायलॉनचा किंवा युरेथेनचा बुश असतो आणि आत मोकळी फिरणारी पोलादी नळी. तिथे बोल्ट नळीला आवळतो आणि बुश तिच्याभोवती फिरतो, त्यामुळे गाडी वर असताना आवळलं तरी काही बिघडत नाही. फक्त नळी बुशापेक्षा किंचित लांब आहे ना ते बघा. आखूड असेल तर आवळल्यावर आर्मच जाम होतो.


पाटा_आणि_पिन

बरोबर आहे. मी जे म्हटलं ते चिकटवलेल्या रबरापुरतंच. त्यात आर्म खाली लोंबत असताना आवळलं तर गाडी उतरवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आपल्याकडचा बुश कोणता हे नळी बोटाने फिरवून कळतं. फिरली तर मोकळी, नाही फिरली तर चिकटवलेला.

आता शेवटी टो. कॉम्प्युटर अलाइनमेंटच्या बहुतेक मशीनचे क्लॅम्प ८ इंची रिमला बसत नाहीत, तेव्हा हातानेच करायचा. हे सगळं काम संपल्यावरच.

हवा सारखी. बॅटऱ्या जागेवर. चालकाच्या सीटवर चालकाच्या वजनाएवढी पोती. गाडी ढकलत दहा फूट पुढे नेऊन थांबवा, मागे ओढू नका. मागे ओढली की चाकांचा ताण उलटा होतो आणि माप चुकतं. प्रत्येक पुढचा टायर हाताने फिरवून त्याच्या मधोमध खडूची रेघ आधीच मारून ठेवा, खिळा एका जागी धरून, म्हणजे टायर वाकडा असला तरी रेघ खरी येते. हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढे मोजा, मग गाडी अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागे आणून मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी कमी हवं. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा घ्या. एका घन आसाच्या आणि लांबट पाट्यांच्या कार्टांना, ईझी-गो टीएक्सटीसारख्या, याहून कमी पुरतो.

तुमच्या गाडीत टो फक्त टाय रॉडने बदलतो. ड्रॅग लिंक फिरवली तर टो बदलत नाही, स्टिअरिंग व्हीलचा मध्य बदलतो. दोन्ही एकदम फिरवू नका. आधी टो पक्का, मग गाडी सरळ चालवून व्हील तिरकं दिसलं तर ड्रॅग लिंक.

टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे चेकनटही उलटा सुटतो. जोर लावण्याआधी बघून घ्या. १.२५ मिमी पिचचे आटे आणि १०० मिमीचा आर्म धरला तर रॉडच्या पाव फेऱ्याला टो जवळपास ३ मिमी बदलतो. म्हणजे पूर्ण फेरा फिरवणं फार झालं. पाव फिरवा, गाडी ढकला, मोजा. चेकनट आवळताना टोक सरळ धरून ठेवा, नाहीतर ते पिळलेलं राहतं आणि वळताना एका बाजूला अडकतं.


टाउनशिप_बडोदे

मंडळी, काम झालं. डाव्या ब्रेकची केबल आवरणासकट बदलली, ओढ तिथेच नव्वद टक्के गेली. दोन्ही किंगपिन बदलल्या. डावी मध्ये १९.०२ आणि खाली १८.७१ भरली होती. बुश ब्राँझचे करून रीम केले. डाव्या हबच्या कपात आडवे काळे डाग होते, दोन्हीकडची बेअरिंग आणि सील बदलली. टाय रॉडची दोन्ही टोकं नवी. पाट्याचा क्लॅम्प सैल निघाला, मधला बोल्ट अर्धा कापला गेला होता. बोल्ट बदलून पाटा मधोमध आणल्यावर उंचीतला फरक १२ वरून ४ मिमीवर आला. टो ४ मिमी. रिमवर आता २५ मिमी प्ले आहे.

दोनच शंका. उरलेल्या २५ साठी रॅकवरचा आवळायचा स्क्रू थोडा फिरवू का? आणि ग्रीस कोणतं, किती दिवसांनी?


पाटा_आणि_पिन

स्क्रूला हात लावण्याआधी पुढची चाकं उचला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. रॅक मध्यभागीच जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्याचा प्ले काढायला स्क्रू आवळला तर मध्य छान होतो आणि टोकाकडे जिथे दात नवे आहेत तिथे रॅक जाम होतो. ती गाडी वळणावरून परत येत नाही, आणि वळणावर न परतणारं स्टिअरिंग हे २५ मिमी ढिलाईपेक्षा कितीतरी धोक्याचं. २५ राहू द्या.


इंदूर_गॅरेज

ग्रीस: एनएलजीआय २ दर्जाचं (हा घट्टपणाचा आकडा) लिथियम कॉम्प्लेक्स रोजच्या वापराला चांगलं. तुमच्याकडे पावसात पाणी साचतं, म्हणून किंगपिनसाठी कॅल्शियम सल्फोनेटचं मिळालं तर ते घ्या, पाण्याने धुऊन जात नाही. दोन प्रकार एकत्र करू नका, जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं भरा. भरताना पुढची चाकं उचललेली हवीत आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवत राहायचं. चाकांवर वजन असताना ग्रीस वॉशरच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. रोज चालणाऱ्या गाडीला तीन महिन्यांनी, आणि गाडी हबपर्यंत पाण्यात गेली तर त्याच आठवड्यात, ठरलेली तारीख न बघता.

पाट्याचा क्लॅम्प आणि चाकांचे नट एक आठवड्याने पुन्हा आवळून बघा, नवे भाग बसले की सैल होतात. जुने नायलॉनचे लॉकनट परत लावले असतील तर तेही बदला, त्यांची पकड एकदा काढल्यावर कमी होते. टो त्याच दिवशी पुन्हा मोजा आणि टायरच्या आतल्या कडेची खोली आत्ताच मोजून वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला.


टाउनशिप_बडोदे

स्क्रू तसाच ठेवतो. लॉकनट चार जुनेच लावले गेलेत, उद्याच बदलून घेतो. टायरची आतली कड: डावा २.१ मिमी, उजवा ३.४ मिमी. पुढच्या महिन्यात मोजून इथेच टाकतो.